उन्हाळ्यात गाडीचा फॅन घोंघावतो: मोटर बदलण्याआधी हे तपासा

एप्रिल लागला की नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "भाऊ, फॅन लय आवाज करून राहिला." मिस्त्री बोनेट उघडतो, रेडिएटरच्या फॅनकडे बोट दाखवतो आणि नवी मोटर बसवतो. आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटतो. जूनमध्ये पाऊस आला की तो आपोआप बंदच होतो आणि काम झालं असं सगळे धरून चालतात. पुढच्या एप्रिलला तीच गाडी, तोच आवाज.

हे चक्र तोडायचं असेल तर आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. फॅन स्वतःच्या मर्जीने पळत नाही, त्याला कुणीतरी पळवतं. इंजिनची उष्णता पळवते, एसीच्या गॅसचा दाब पळवतो, नाहीतर वायरिंगमधला बिघाड पळवतो. त्यामुळे पहिला प्रश्न "फॅन खराब आहे का" हा नाही. "फॅनला एवढं कोण पळवतंय" हा आहे.

उन्हाळ्यात आवाज वाढतो त्यातला काही भाग अगदी रास्त असतो. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. कूलंट ९५ अंशांवर आणि जानेवारीतली दुपार २८ अंशांची असेल तर फरक ६७ अंशांचा. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की फरक ५० वर येतो. सिग्नलला समोरच्या ट्रकची गरम हवा आणि तापलेल्या डांबराची धग गाडीच्या तोंडात शिरते तेव्हा तो ४० पर्यंतही उतरतो. तेवढीच उष्णता काढायला आता जास्त हवा ओढावी लागते, म्हणून फॅन वरच्या वेगावर जातो. पंख्याचा आवाज वेगाच्या मानाने फार झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट झाला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो आणि कानाला तो जवळपास तिप्पट वाटतो. काल शांत असलेली गाडी आज अचानक गरजायला लागली, एवढ्यावरून काही मोडलंच असेल असं धरू नका.

आधी कान लावा

सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी मोकळ्या जागेत उभी करा. एसी बंद ठेवून चालू करा. इलेक्ट्रिक फॅन असेल तर या वेळी तो फिरायला नको, आणि फिरत नसेल तर आता जो आवाज येतो तो फॅनचा नाही. ॲक्सिलरेटर हलकेच दाबून पाहा. आवाज इंजिनच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल तर तो इंजिनच्या पट्ट्याच्या (बेल्टच्या) बाजूचा आहे: अल्टरनेटरचं बेअरिंग, आयडलर पुली, वॉटर पंप किंवा खुद्द पट्टा. फॅनच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या आवाजांत हे बरेच असतात. वॉटर पंपाचं बेअरिंग घरघरतंय आणि बदलली फॅनची मोटर, तर पैसे गेलेच, पण एखाद्या दिवशी पंप रस्त्यात दगा देतो.

आता एसी लावा. बऱ्याच गाड्यांत एसी लागताच फॅन कमी वेगाने सुरू होतो. त्याचा आवाज ॲक्सिलरेटर दाबल्याने बदलत नाही, ही त्याची खूण.

आवाजाचे ढोबळ दोन प्रकार करा. नुसता वाऱ्याचा, भरदार "हूऽऽ" असा घोंघाट म्हणजे फॅन धडधाकट आहे आणि जोरात पळतोय. घरघर, खडखड, टकटक, कर्रकर्र किंवा बोनेटपर्यंत जाणवणारी थरथर म्हणजे फॅनमध्येच काहीतरी घासतंय, सैल झालंय किंवा तुटलंय. या दोन्हींचे इलाज पूर्ण वेगळे आहेत.

खडखड, घरघर असेल तर

हे प्रकरण तुलनेने सोपं. इंजिन थंड होऊ द्या, चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. ही तार सोडवण्यात कुणी आळस करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इलेक्ट्रिक फॅन तापमान चढलं की न सांगता सुरू होतो, काही गाड्यांत तर चावी काढल्यानंतरही. बोटं जातात ती अशीच.

मग पातं बोटाने फिरवून पाहा. मोकळं फिरून हळूच थांबायला हवं. अडखळत असेल, दाणेदार लागत असेल तर बुश किंवा बेअरिंग गेलंय. फॅनचा मधला भाग धरून वर-खाली हलवा. डगडगला तर तेच निदान. प्लास्टिकच्या कड्याच्या आतल्या बाजूला पात्याने घासल्याची गोल चकचकीत रेघ दिसते का बघा. पॉलिथिनचा तुकडा, वाळलेलं पान, उंदराने आणून ठेवलेला कापूस यांनीही टकटक होते. ते काढलं की काम झालं.

एखादं पातं टोकाला तुटलं असेल किंवा त्याला चीर गेली असेल तर एम-सील लावून चिकटवू नका. वजनाचा तोल जातो, थरथर वाढते, बेअरिंग लवकर जातं आणि पूर्ण वेगात तो तुकडा उडाला तर रेडिएटरची जाळी फाडतो. पाती नवीनच टाका. कधी मोटर ठीक असते, नुसते तिचे स्क्रू सैल झालेले असतात किंवा खालचे रबर वाळून कडक झालेले असतात. विदर्भातल्या उन्हात रबराचं आयुष्य कमीच.

बुशमध्ये तेल सोडून आवाज थांबवण्याची पद्धत सगळीकडे आहे. थोडे दिवस शांतता मिळते. पण ते तेल धूळ धरतं आणि आत मोटरला वीज पोहोचवणाऱ्या कार्बनपर्यंत झिरपतं, मग मोटर आणखी जड फिरते. गावाला पोहोचायचं आहे म्हणून केलं तर समजू शकतो. दुरुस्ती म्हणून करू नका.

नुसता घोंघाट असेल तर

इथे खरी शोधाशोध आहे, आणि दरवर्षी परत येणारा आवाज बहुधा याच गटातला असतो.

पहिली जागा जाळीची. गाडीच्या तोंडाशी आधी एसीचा कंडेन्सर असतो आणि त्याच्या मागे रेडिएटर. दोन्हींच्या मध्ये बोटभर फट. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि गव्हाची काढणी होते, थ्रेशरचा भुसा रस्त्यावर उडतो. नंतर सावरीची बोंडं फुटतात आणि तिचा कापूस हवेत तरंगत राहतो. वर रस्त्यांच्या कामांची धूळ आणि रात्रीचे किडे. हे सगळं कंडेन्सरवर आणि त्या फटीत जाऊन बसतं. कूलरच्या गवतावर क्षार चढले की पंखा आवाज करतो पण गारवा येत नाही, तसंच इथे होतं. ऊन तापायला आणि जाळी तुंबायला एकच मुहूर्त सापडतो. जूनमध्ये हवा उतरली की तुंबलेली जाळीही कशीबशी पुरते, म्हणून आवाज "बरा" होतो. घाण मात्र तिथेच राहते.

तपासायला टॉर्च घ्या. अंधारात एका बाजूने उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूने बघा. उजेड सारखा आरपार येत नसेल तर धुण्याची वेळ झाली. धुताना इंजिन पूर्ण थंड हवं. शक्य असेल तर फॅनची चौकट काढून इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने पाणी मारा, कारण घाण जिथून आत शिरली तिथूनच ती बाहेर पडते. चौकट काढणं जमत नसेल तर पुढची जाळी सोडवून साध्या नळीने, कमी दाबाने, सरळ समोरून पाणी सोडा आणि मऊ ब्रश जाळीच्या पातळ पानांच्या (फिन्सच्या) दिशेने फिरवा, आडवा नको. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की ॲल्युमिनियमची ती पातळ पानं आडवी पडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. धुतलेली चकचकीत गाडी आधीपेक्षा जास्त तापते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. किडे अडवायला पुढे लावलेली बारीक जाळी, जादा दिवे, मोठा गार्ड हेही हवा खातात. उन्हाळ्यापुरते तरी काढून ठेवा.

दुसरी जागा एसीच्या गॅसची, आणि तिच्याकडे फारच कमी जण बघतात. फॅन फक्त इंजिनसाठी फिरत नाही. एसीच्या पाइपातला दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की फॅन वरच्या वेगावर जातो. आर-१३४ए गॅसच्या गाडीत बाहेर ३५ अंश असताना हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या पाइपातला, दाब साधारण २०० पीएसआयच्या आसपास राहतो. ४५ अंशांत तो २६०-२७० पर्यंत चढणं स्वाभाविक आहे. त्यात कुणी गॅस गरजेपेक्षा जास्त भरला असेल तर दाब कायम वर आणि फॅन कायम पळत. वर्ध्याच्या माझ्या एका टॅक्सीवाल्या मित्राची सेडान अशीच दिवसभर गरजायची. मोटर बदलून झाली, काही फरक नाही. विचारत गेलो तेव्हा कळलं की आवाज सुरू झाला तो "थंडावा कमी आहे" म्हणून गॅस भरून आणला त्या आठवड्यापासून. सगळा गॅस काढून, व्हॅक्यूम करून, बोनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिले आहेत तेवढेच मोजून भरले आणि फॅन शांत झाला. गॅस अंदाजाने "टॉप-अप" करू देऊ नका. वजनकाटा असलेल्या माणसाकडेच जा.

एसी बंद केल्यावर मिनिटभरात फॅन थांबत असेल, तर शोध या बाजूला. एसी बंद असूनही तो थांबतच नसेल तर इंजिनच्या बाजूला.

कमी वेगच गेला असेल तर

साध्या दोन वेगांच्या फॅनमध्ये कमी वेगासाठी करंट रोखणारा एक रेझिस्टर असतो, बहुधा फॅनच्या चौकटीवरच बसवलेला. तो जळला की कमी वेग नाहीसा होतो. मग एसी लावला तरी फॅन काही वेळ गप्प राहतो, तापमान किंवा दाब वर चढतो आणि एकदम पूर्ण वेगाने फॅन सुटतो. थोडा वेळ गरजतो, बंद पडतो, पुन्हा गरजतो. मालकाला वाटतं फॅन बिघडला. खरं तर अर्धा फॅन गेलेला असतो आणि उरलेला अर्धा ओरडत असतो. सिग्नलला एसी गरम हवा फेकतो आणि गाडी पळायला लागली की थंड होतो, ही याची सोबतची खूण.

रेझिस्टर मोटरच्या मानाने स्वस्त असतो, म्हणून तो बदलला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळतो. त्यामागे बहुधा घट्ट झालेली मोटर असते. जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि तो करंट रेझिस्टरला जाळतो. फॅनच्या कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी पडलंय किंवा वितळलंय का ते पाहा. ती जास्त करंटची साक्ष आहे. करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन पाच मिनिटांत सांगेल. रेझिस्टर दुसऱ्यांदा जळला असेल तर मात्र मोटर बदला, तिथे मी आडवा येणार नाही.

दोन फॅनच्या गाडीत अजून एक फसवणूक होते. एक फॅन बंद पडतो आणि दुसरा दोघांचं काम करत ओरडतो. माणूस ओरडणाऱ्या फॅनची मोटर बदलतो, म्हणजे चांगलीच काढून टाकतो. एसी लावून दोन्ही फॅन फिरतात ना, हे डोळ्यांनी बघा.

चावी फिरवताच पूर्ण वेग

थंड इंजिन, एसी बंद, तरी चावी फिरवल्याबरोबर फॅन फुल वेगाने सुटतो? मग तापमानाच्या सेन्सरकडे जा. सेन्सरची वायर निघाली किंवा तुटली की बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर धोका नको म्हणून फॅन पूर्ण वेगाने चालवतो. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवाही लागलेला असतो. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर पी०११५ ते पी०११८ यांपैकी कोड आला तर शोध तिथेच संपतो. चावी काढल्यावरही फॅन तासभर फिरत राहून बॅटरी उतरत असेल तर रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटला आहे. बंद केल्यावर दोन-चार मिनिटं फॅन फिरणं मात्र काही गाड्यांत मुद्दाम ठेवलेलं असतं, त्याने घाबरू नका.

आणि आता आपल्याकडची सगळ्यात रुजलेली सवय: फॅन "डायरेक्ट" करणं. गाडी तापते अशी तक्रार आली की सेन्सर, रिले सगळं बाजूला ठेवून फॅन थेट चावीच्या लाइनवर जोडून देतात. तो मग डिसेंबरच्या पहाटेही फुल वेगाने फिरतो. मोटर लवकर झिजते, अल्टरनेटरवर ओझं पडतं, पातळ वायर तापते आणि मूळ दोष झाकलेलाच राहतो. जुनी गाडी घेतली असेल आणि फॅन सदैव ओरडत असेल तर आधी कुणी हे करून ठेवलंय का ते तपासा. फॅनच्या कनेक्टरपासून निघालेली, टेप गुंडाळलेली परकी वायर दिसली की उत्तर मिळालं. मूळ वायरिंग परत करून घ्या. त्यात खर्च झाला तरी तो वाया जात नाही.

थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडची वाट उघडून देणारी झडप) काढून टाकण्याचा सल्लाही याच घराण्यातला. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बाजूची बायपासची वाट बंद करतो. तो काढला की काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं, आणि भार पडल्यावर इंजिन उलट जास्त तापतं. खराब झाला असेल तर नवा टाका.

कूलंट आणि काटा

गाडी उभी असताना तापते पण पळताना ठीक राहते, तर दोष हवेचा: फॅन, जाळी, चौकटीचे निघालेले फोम. उलट, समृद्धीवर शंभरच्या वेगाने जातानाही फॅन चालू राहतो आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा चढतो, तर दोष पाण्याच्या बाजूचा. साधारण साठच्या पुढे समोरून येणारा वाराच पुरेसा असतो; तिथे फॅनची गरजच पडू नये. अशा वेळी कूलंटची पातळी, आतून तुंबलेला रेडिएटर, वॉटर पंप हे बघा.

आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. ते रेडिएटरमध्ये घातलं की आतल्या बारीक नळ्यांत पापुद्रे बसतात. कूलंट कंपनीने सांगितलेलंच घ्या, पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड पाण्यानेच. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. झाकणाचं रबर चिरलं असेल तर दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. झाकण साधं वाटतं, पण रेडिएटर बदलण्याआधी ते बदलून बघावं असं मी आवर्जून सांगेन. गरम इंजिनवर ते कधीही उघडू नका.

डॅशबोर्डच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर लावून मोबाइलवर खरा आकडा बघता येतो. फॅन कोणत्या तापमानाला लागतो आणि कोणत्याला थांबतो ते एकदा टिपून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात तुलनेला हाताशी राहील. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत कमी वेग ९५ च्या आसपास लागतो आणि वरचा वेग १०० ओलांडल्यावर.

जुनी बोलेरो, सुमो, क्वालिस, पहिली इनोव्हा यांत फॅन इंजिनवरच, व्हिस्कस क्लचच्या (सिलिकॉन तेलाने पकड घेणाऱ्या जोडणीच्या) मदतीने फिरतो. सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर घोंघावून शांत होणं त्यात नेहमीचंच. कायम घोंघावत असेल आणि गाडी ओढत नसेल तर क्लच जाम झालाय. गरम इंजिन बंद असताना पातं हाताने फिरवलं आणि ते अगदी हलकं, मोकळं फिरलं तर त्यातलं सिलिकॉन तेल गेलंय. दोन्हीत क्लच बदलावा लागतो.

रस्त्यात फॅन ओरडतोय आणि तापमान चढतंय असं दिसलं तर एसी लगेच बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. मे महिन्यात नको वाटेल, पण तो इंजिनची उष्णता काढणारा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा वर जात असेल तर सावलीत थांबा, इंजिन बंद करा, बोनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड तडकतं.

शेवटी मोटर बदलावीच लागली तर गॅरेज सोडण्याआधी एक चाचणी तिथेच करा. एसी लावून फॅन सुरू झाला की पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. फॅन रेडिएटरच्या मागे असतो तेव्हा तो हवा आत ओढतो, म्हणून कागद जाळीला चिकटायला हवा. उडून बाहेर आला तर दोन वायरी उलट लागल्या आहेत आणि फॅन उलटा फिरतोय. आवाज भरपूर, हवा उलटी. कनेक्टर कापून वायरी जोडलेल्या असतात तिथे हे होतं आणि मिस्त्रीला बाहेरून पाहून कळतही नाही. कागद चिकटला की मगच पैसे द्या.